आठ तासांची खुर्ची



‘रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी’ ही म्हण शिकवायची तर आधी तुंबडी म्हणजे काय ते सांगावं लागतं. पूर्वी अंगातलं दूषित रक्त ओढून काढायला तुंबडी लावायचे आणि हे काम न्हावी करायचे. गिऱ्हाईकच नाही, म्हणून हा आपला भिंतीलाच तुंबड्या लावत बसला. मुलं हसतात. मग एखादं मूल विचारतं, "पण बाई, काम नव्हतं तर तो घरी का नाही गेला?"

म्हणीतल्या न्हाव्यापुरतं उत्तर सोपं आहे. दुकान त्याचं, कुलूप त्याचं, वाटलं तर तो जाऊ शकतो. पण वर्गातल्या मुलांचे आईबाबा जिथे पूर्णवेळ नोकरी करतात, तिथे काम संपलं म्हणून घरी जाता येत नाही. सहा वाजेपर्यंत बसावंच लागतं, आणि नुसतं बसून चालत नाही, कामात असल्यासारखं दिसावं लागतं. तिथे भिंतीला तुंबड्या लावणं ही नोकरी टिकवायची रीत असते.

शिक्षकांनी ऑफिसच्या कामाबद्दल कशाला बोलावं, असं कुणी म्हणेल. मला दोन कारणं दिसतात. त्या रिकाम्या तासांची किंमत घरी वाट पाहणारं मूल देतं, हे एक. आणि काम संपल्यावरही बसून राहण्याची सवय माणसाला ऑफिसात लागत नाही, ती शाळेत लागते, हे दुसरं.

काम चढउताराचं, हजेरी सपाट

कुठलंही ऑफिसकाम वर्षभर सारखं नसतं. शिक्षकांना याचा अनुभव दरवर्षी जूनमध्ये येतो. दहावी-बारावीचे निकाल लागले की उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, रहिवासी दाखला यासाठी सेतू केंद्रापासून तहसील कार्यालयापर्यंत रांगा लागतात. त्या दिवसांत तिथल्या कारकुनाला चहा प्यायला फुरसत नसते. मार्च एंडला लेखा विभागाची तीच गत. बिलं, तरतुदी, शिल्लक निधी, सगळं ३१ तारखेच्या आत. पण ऑगस्टमधल्या एखाद्या मंगळवारी त्याच टेबलावर दोन तासांत संपेल एवढंच काम असू शकतं. खुर्ची मात्र जूनमध्येही तेवढेच तास आणि ऑगस्टमध्येही तेवढेच तास.

खासगी कंपनीतही वेगळं नाही. एकाचा रिपोर्ट तीन वाजता तयार होतो, पण पुढचं काम ज्याच्याकडून यायचं तो मीटिंगमध्ये असतो. दुसरीचं काम चार वाजता संपतं, पण साहेब उठल्याशिवाय आधी कोण उठणार? मग एक्सेलची शीट उघडी ठेवून मोबाईल चाळायचा, कुणी मागून आलं की पटकन खिडकी बदलायची, आणि सात वाजता थकून घरी जायचं. हे थकणं खोटं नसतं बरं का. काम नसताना कामात असल्याचं सोंग आठ तास वठवणं फार दमवणारं असतं.

शेतकऱ्याचं कामही चढउताराचंच. पेरणीला आणि सुगीला त्याला दिवस पुरत नाही. पण चैत्रात शेतात काही नसताना ‘दहा ते सहा बांधावर बसून राहा’ असं त्याला कुणी सांगत नाही. त्या दिवसांत तो घर शाकारतो, लग्नं उरकतो, जत्रेला जातो. काम असेल तेव्हा जीव तोडून आणि नसेल तेव्हा मोकळं, हा कामाचा जुना आणि शहाणा ताल आहे. ऑफिसनं तो मोडला.

रिकामा वेळ तीन प्रकारचा

इथे एक गोष्ट नीट वेगळी करायला हवी, नाहीतर ‘सरकारी काम अन् सहा महिने थांब’ म्हणत आपण सगळ्यांनाच आळशी ठरवून मोकळे होतो.

पहिला प्रकार विसाव्याचा. सलग आठ तास कुणाचंही डोकं एकसारखं चालत नाही. पहिलीच्या मुलाचं लक्ष काही मिनिटांत उडतं, मोठ्या माणसाचं थोडं उशिरा उडतं, एवढाच फरक. चहाच्या टपरीवर दहा मिनिटं, खिडकीतून बाहेर बघण्याची पाच मिनिटं हा वेळ वाया जात नाही, तो कामाचाच भाग आहे. शिक्षण हक्क कायद्यानंही शिक्षकाचे आठवड्याचे किमान ४५ तास ठरवताना त्यात तयारीचा वेळ धरलेला आहे. काम करताना दिसत नाही असा वेळही काम असू शकतो, हे कायद्याला कळतं.

दुसरा प्रकार वाट पाहण्याचा. अग्निशमन दलाचा जवान, रात्रपाळीची परिचारिका, रेल्वे फाटकावरचा माणूस यांचं हजर असणं हेच काम असतं. आग लागली नाही म्हणून जवानाचा दिवस फुकट गेला, असं कुणी म्हणणार नाही. आपण शिक्षकही काही अंशी याच प्रकारात येतो. मुलं शाळेत आहेत तोवर, फळा लिहून झाला तरी, मोठं माणूस तिथे लागतंच.

तिसरा प्रकार देखाव्याचा. काम नाही, विसावाही नाही, कुणी येणार म्हणून थांबलोय असंही नाही. फक्त घड्याळासाठी बसलोय. मराठीत याला नेमका शब्द आहे, खुर्ची उबवणं. माझा आक्षेप आहे तो एवढ्याच तिसऱ्या प्रकाराला. आणि त्याचा दोष खुर्चीवरच्या माणसाला देऊन भागणार नाही, कारण ती खुर्ची नियमानं मांडलेली आहे.

आठ तास आले कुठून?

हे तास आले गिरणीतून. मुंबईत १८५४ साली पहिल्या कापड गिरणीची पायाभरणी झाली आणि भोंग्यावर चालणारं आयुष्य आपल्याकडे सुरू झालं. तिथे कामाचे तास ठरलेलेच नव्हते. जोतीराव फुल्यांचे सहकारी आणि ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईतल्या गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. त्यांच्या मागण्या आज वाचल्या तर अंगावर काटा येतो. रविवारी सुट्टी मिळावी, दुपारी अर्धा तास विश्रांती मिळावी, काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावं. म्हणजे सूर्यास्ताला थांबणं ही सवलत होती! रविवारची सुट्टी मिळायला १० जून १८९० ही तारीख उजाडावी लागली. पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं सांभाळत होते. त्या खात्याच्या प्रयत्नांतून १९४६ मध्ये कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली आणि आठवड्याची मर्यादा ५४ तासांवरून ४८ तासांवर आली. स्वतंत्र भारताच्या १९४८ च्या कायद्यानं ती पक्की केली.

यातला ‘मर्यादा’ हा शब्द महत्त्वाचा आहे. याहून जास्त राबवून घेता येणार नाही, एवढंच त्यात म्हटलं होतं. माणसाला घर असतं, मुलं असतात, अंग टाकायला वेळ लागतो, म्हणून कामावर घातलेलं ते झाकण होतं. ऑफिसनं त्या झाकणाचं जोतं केलं. आठ तासांपेक्षा जास्त नको, या मागणीचा अर्थ आठ तासांपेक्षा कमी चालणार नाही, असा झाला.

गिरणीत निदान तासांचा आणि कामाचा हिशेब जुळायचा. माग जितका वेळ चालेल तितकं कापड निघेल. पत्राचा मसुदा, हिशेबाची तपासणी, संगणकाचा प्रोग्राम हे मागासारखं निघत नाही. एखादी चूक सापडायला कधी दहा मिनिटं लागतात, कधी अख्खा दिवस. तरी आपण मोजतो ते तासच.

आपल्या राज्यातलंच उदाहरण घ्या. २९ फेब्रुवारी २०२० पासून सरकारी कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा लागू झाला. शाळा, दवाखाने, पोलीस त्यातून वगळले होते. निर्णय चांगला होता, कर्मचाऱ्यांना घरासाठी दोन दिवस मिळाले. पण तो समजावून सांगताना मांडलेला हिशेब बघा. आधी वर्षाला २८८ दिवस आणि रोज सव्वासात तास, म्हणजे २०८८ तास. आता २६४ दिवस आणि रोज आठ तास, म्हणजे २११२ तास. म्हणजे वर्षाला २४ तास काम वाढलं! चौथीच्या मुलालाही हा गुणाकार जमेल. पण या गुणाकारात दाखला कुठे आहे? किती अर्ज निकाली निघणार, किती दिवसांत निघणार, हे त्यात कुठेच नाही. गंमत म्हणजे ते मोजायची सोय राज्यात २०१५ पासून आहे. लोकसेवा हक्क कायद्यानं सेवांना दिवसांची मुदत ठरवून दिली आणि विनाकारण उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला दंडाची तरतूद केली. तिथे लोकांना काय मिळालं ते मोजलं जातं, मस्टरवर मात्र कोण किती वेळ बसलं ते.

देखाव्याची किंमत

सी. नॉर्थकोट पार्किन्सन यांनी १९५५ मध्ये ‘द इकॉनॉमिस्ट’ या ब्रिटिश साप्ताहिकात लिहिलं, की कामाला जेवढा वेळ द्याल तेवढं ते पसरत जातं. पुराव्यासाठी त्यांनी ब्रिटिश नौदलाचे आकडे दिले. १९१४ ते १९२८ या काळात मोठ्या युद्धनौका ६२ वरून २० वर आल्या आणि नौदल खात्याच्या कचेरीतले अधिकारी मात्र २००० वरून ३५६९ वर गेले. जहाजं घटली, कागद वाढले. आपल्याकडे एका साध्या परिपत्रकाला सहा टेबलं का फिरावं लागतं, याचं थोडं उत्तर इथे मिळतं. तास भरायचे असले की काम पसरतं.

२०२० मध्ये घरून काम सुरू झालं तेव्हा वाटलं, आता तरी हे सुटेल. पण खुर्चीची जागा स्क्रीनवरच्या हिरव्या ठिपक्यानं घेतली. ठिपका हिरवा राहावा म्हणून माऊस आपोआप हलवणारी यंत्रं बाजारात आली. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या वेल्स फार्गो या बँकेनं डझनभराहून जास्त कर्मचाऱ्यांना काढून टाकलं, कारण त्यांनी कीबोर्ड चालू असल्याचा भास निर्माण केला होता. त्यांनी फसवलं हे खरंच. पण ज्या कामाची तपासणी कीबोर्डच्या हालचालीवरून होते, तिथे काम झालं की नाही हे कुणाला कळत असेल का?

आणि याच सुमारास आपल्याकडे वाद चालू होता तो तास वाढवण्याचा. इन्फोसिसचे नारायण मूर्ती यांनी २०२३ मध्ये तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं असं म्हटलं. २०२५ च्या सुरुवातीला एल अँड टीचे अध्यक्ष एस. एन. सुब्रमण्यन यांचं ९० तासांचं वक्तव्य गाजलं. दोन्ही वेळा घराघरांत चर्चा झाली ती ७० जास्त की ९० जास्त यावर. आज जे ४५-४८ तास भरले जातात त्यातले खऱ्या कामाचे किती, हे फारसं कुणी विचारलं नाही.

याची झळ शाळेत कशी लागते ते सांगते. पालकसभा शाळेच्या वेळेत असते. वडील फोनवर म्हणतात, "मॅडम, ऑफिसात विशेष काम नाहीये हो, पण निघता येणार नाही. साहेब बघतात." काम नाही आणि तरी निघता येत नाही, हे वाक्य आपण इतक्यांदा ऐकतो की त्यातला विचित्रपणाच जाणवेनासा झालाय. शहरात एका बाजूचा प्रवास तास-दीड तासाचा. सहाला सुटलेला बाप आठला घरी पोचतो, मूल नऊला झोपतं. त्या दोन-तीन रिकाम्या तासांपैकी एक जरी घरी आला, तर पुस्तक एकत्र वाचून होईल, सायकलला मागून धरून होईल, निदान दिवसभरात काय झालं ते ऐकून होईल. कंपनीच्या वहीत तो तास ‘उत्पादक’ म्हणून लागलेला असतो. प्रत्यक्षात तो ना कंपनीला मिळाला, ना मुलाला.

आई नोकरी करत असेल तर हे दुप्पट जाचक. घरची कामं आटपायची म्हणून ती दुपारचं जेवण दहा मिनिटांत उरकते, हातातलं काम चारला संपवते आणि पाचला निघायचं म्हटलं की ‘हिचं नेहमीचंच’ असा शेरा ऐकते. सावकाश काम करून साडेसातपर्यंत बसणारा मात्र कष्टाळू ठरतो.

मग कामावरच पैसे द्यायचे का?

इथे लगेच कुणी म्हणेल, ठीक आहे, तास नको, कामाच्या नगावर पगार द्या. हेही आपण पाहिलेलं आहे. सोलापूरच्या बिडी कामगार बायकांना मजुरी मिळते ती हजार बिड्यांवर. तिथे खुर्ची उबवणं नाही, रिकामा वेळ नाही. पण आजारपणाला जागा नाही आणि हात मंदावले की भाकरीही कमी होते. बँका आणि विमा कंपन्यांतल्या टार्गेटचा ताण आपल्यातल्या अनेकांच्या घरात आहे. म्हणजे घड्याळाच्या जागी टार्गेट बसवलं की माणूस सुटत नाही, फक्त मालक बदलतो.

मला वाटतं, मधला मार्ग आहे. पगार ठरलेलाच असावा. आठ तासांची मर्यादा मर्यादा म्हणूनच राहावी. तिच्या आत दिवसाचं काम काय, ते आधी स्पष्ट ठरावं आणि ते नीट झालं तर माणसाला जाऊ द्यावं. जूनमध्ये दाखल्यांची गर्दी असते तेव्हा जास्त माणसं त्या टेबलावर यावीत, आणि काम कमी असलेल्या महिन्यांत त्यांना हक्कानं लवकर सुटता यावं. हे स्वप्नरंजन नाही. आइसलँडमध्ये २०१५ ते २०१९ या काळात सुमारे अडीच हजार कर्मचाऱ्यांवर प्रयोग झाला. पगार तेवढाच ठेवून आठवड्याचे ४० तास ३५-३६ वर आणले. मीटिंगा छोट्या केल्या, अनावश्यक कामं काढली. बहुतेक ठिकाणी काम पहिल्याइतकंच किंवा जास्त झालं. देश छोटा आहे, आपली परिस्थिती वेगळी आहे, मान्य. पण काढता येण्याजोगे तास तिथे होते, तसे आपल्याकडेही आहेत, हे कुठल्याही ऑफिसातला माणूस खासगीत कबूल करेल.

‘सूट दिली की लोक गैरफायदा घेतील’ हा आक्षेप नेहमीचा. काहीजण घेतीलही. पण आजच्या पद्धतीत गैरफायदा कोण घेतो ते बघा. पाट्या टाकणारा आजही सहापर्यंत बसून पूर्ण पगार घेतोच. शिक्षा होते ती काम लवकर आणि चांगलं करणाऱ्याला. त्याच्या टेबलावर दुसऱ्याची फाईल येते. दोन-तीनदा असं झालं की तो शहाणा होतो आणि सावकाश चालायला शिकतो.

हे शिकवतं कोण?

आता आपल्या वर्गाकडे या. फळ्यावर दहा गणितं आहेत. एका मुलीची बारा मिनिटांत झाली, तास संपायला अजून पंचवीस मिनिटं आहेत. ती वही घेऊन येते. तिला काय मिळतं? अनेक वर्गांत एकतर आणखी दहा गणितं, नाहीतर ‘हाताची घडी, तोंडावर बोट’. म्हणजे लवकर संपवलं तर जास्तीचं काम, नाहीतर गप्प बसण्याची शिक्षा. हुशार मूल यातून काय शिकेल? पेन्सिलला तीनदा टोक काढायचं, समास पुन्हा आखायचा, खोडरबर शोधायचा. ऑफिसातली एक्सेल शीट ती हीच.

घरीही तेच. ‘एक तास अभ्यासाला बस’ असं सांगितलं की मूल एक तास बसतं. पुस्तक उघडं, नजर घड्याळावर. आपण बसण्याचा हुकूम दिला, ते बसलं. त्याऐवजी ‘हा धडा वाच, त्यातल्या चार गोष्टी मला तुझ्या शब्दांत सांग आणि मग खेळायला जा’ असं सांगून बघा. कधी वीस मिनिटांत होईल, कधी तास लागेल. वीस मिनिटांत नीट झालं, तर उरलेली चाळीस मिनिटं त्याची. ती परत घ्यायची नाहीत. ‘झालं ना लवकर? मग अजून एक धडा’ हे वाक्य तोंडाशी येतं, ते गिळायचं.

माझ्या वर्गात खिडकीजवळ एक वाचन कोपरा आहे. गणितं तपासून बरोबर आली की मूल तिथे जातं. गोष्टीचं पुस्तक घ्या, चित्र काढा, नाहीतर खिडकीतून चिंचेच्या झाडाकडे बघत बसा, विचारणार नाही. सुरुवातीला काहीजण घाईघाईत चुकीची गणितं करून धावत आले. वही परत गेली, एवढंच. दोन आठवड्यांत सगळ्यांना कळलं, की लवकर जायचं असेल तर नीट करावं लागतं. सावकाश करणाऱ्या मुलांना वेळ पुरला नाही तर उरलेली गणितं उद्या, ओरडा नाही. त्यांना शेजारी बसून शिकवायला मला सवड मिळते ती त्या कोपऱ्यामुळेच, कारण बाकीच्यांना गप्प ठेवण्यात माझा वेळ जात नाही.

पालकांपैकी जे स्वतः साहेब आहेत, ज्यांच्या हाताखाली पाच-दहा माणसं आहेत, त्यांना एक विनंती आहे. येत्या महिन्यात एक दिवस ठरवा. त्या दिवशी कुणी काम संपवून चार वाजता पिशवी उचलली, तर मान वर करून बघू नका. दुसऱ्या दिवशी त्याच्या टेबलावर जास्तीची फाईलही ठेवू नका. महिनाअखेरीस काम अडलं का ते बघा आणि शाळेच्या पालकसभेत आम्हाला सांगा. सभा यावेळी शनिवारी सकाळी ठेवावी, असं मी मुख्याध्यापकांना सुचवलं आहे. तुमच्या शाळेतही सुचवून बघा.